एकटीचाच फोन काढून घेऊ नका

(सदर : बाईंना विचारा)

या वेळी पाकिटं, ई-मेल, व्हॉट्सॲप मिळून आलेल्या पत्रांतली निम्म्याहून अधिक एकाच विषयावरची निघाली : मुलं, फोन आणि मैत्री. त्यातली पाच निवडली. नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. जूनपर्यंत संध्याकाळी बिल्डिंगखाली पाच-सहा जणी जमायच्या. सायकली, बॅडमिंटन, गप्पा. आता ही खाली उतरतच नाही. दार लोटून फोन घेऊन पडलेली असते. विचारलं की ‘काही नाही गं’. परवा तिच्या मावसबहिणीकडून कळलं, त्या मुलींनी हिला वगळून वेगळा ग्रुप केलाय. सहामाही संपल्यावर सगळ्या मिळून पिक्चरला गेल्या, हिला सांगितलंसुद्धा नाही. आणि ही रात्री अकरानंतर त्यांच्याच स्टोऱ्या बघत बसते. हिचे बाबा म्हणतात, सगळ्याचं मूळ तो फोन आहे, काढून कपाटात ठेव. काढू का?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, कपाटाची किल्ली जरा बाजूला ठेवा. ही चूक मी स्वतः करून बसलेली आहे.

2022 च्या पावसाळ्यातली गोष्ट. साताऱ्याकडच्या एका हायस्कुलात मी नववी ‘ब’ची वर्गशिक्षिका होते. शाळेत फोन आणायचा नाही हा नियम, आणि एकीच्या दप्तरात तो सापडला. शुक्रवार होता. मी फोन स्टाफरूमच्या कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि ‘सोमवारी आईला घेऊन ये’ म्हणून सांगितलं. पोरगी इतकी रडली, की मला वाटलं काहीतरी ‘तसलं’ प्रकरण आहे. आमच्या पिढीला मुलगी आणि फोन म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही.

सोमवारी आईसमोर उलगडा झाला. स्नॅपचॅटवर दोघींनी एकमेकींना रोज निदान एक स्नॅप पाठवला, की नावापुढे आगीचं चिन्ह येतं आणि त्याच्याशेजारी दिवसांचा आकडा वाढत जातो. याला स्ट्रीक म्हणतात. 24 तासांत कुणा एकीकडून राहिलं, की आकडा गेला. वेळ संपत आली की वाळूचं घड्याळ दिसायला लागतं. या मुलीचा आकडा होता 187. समोरची मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे नाशिकला गेलेली. रोजचा तो फोटो म्हणजे तरी काय, कधी डब्यातली भाजी, कधी नुसतं डोक्यावरचं छत. निरोप एवढाच, की मी आहे गं. शनिवारी आकडा गेला. नाशिकच्या मुलीने समज करून घेतला, की हिला आता नवीन मैत्रिणी मिळाल्या. दिवाळीपर्यंत दोघी बोलत नव्हत्या. आणि मी त्या शुक्रवारी शिस्त लावल्याच्या समाधानात घरी गेले होते!

त्याच मुलीने मला पुढे सांगितलं, की परीक्षेच्या दिवसांत किंवा गावाला जाताना मुली आपला पासवर्ड दुसरीला देऊन ठेवतात, ‘माझ्या स्ट्रीक सांभाळ’ म्हणून. आपण शेजारणीला तुळशीला पाणी घालायला सांगतो, अगदी तसं. स्ट्रीक हा प्रकार मला अजूनही आवडत नाही. मैत्रीला हजेरीपट लावलाय, आणि तोही कंपनीच्या सोयीचा. पण पोरींचा त्यात जीव असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता तुमच्या लेकीचं. वगळणं काही नवीन नाही. आम्हीही करंगळी दाखवून कट्टी घेत होतो, आणि तेव्हाही पोटात खड्डा पडायचाच. पण ती कट्टी शाळेत राहायची. घरी आलं, हातपाय धुतले, की दुसऱ्या दिवसापर्यंत सुटका. तुमच्या मुलीला ती सुटका नाही. पिक्चरच्या तिकिटांचा फोटो, पॉपकॉर्न, पाच जणींचे हात, सगळं तिच्या उशीशी येतं. आणखी एक गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. इन्स्टाग्रामवर स्टोरी कुणी कुणी पाहिली, याची यादी ती टाकणारीला दिसते. म्हणजे ही रात्री अकराला बघतेय, हे त्या पाच जणींना कळतंय. आणि त्यांना कळतंय हे हिलाही ठाऊक आहे. तरीही बघते. दुखऱ्या दाताला जीभ लागतेच हो.

अशात फोन काढून घेतलात, तर वगळणाऱ्यांचं काम तुम्ही पूर्ण कराल. शाळेचा अभ्यासाचा ग्रुप, मावसबहीण, जी काही एखादी धड बोलत असेल ती, सगळंच एकदम तुटेल.

त्यापेक्षा तिला सांगा, त्या अकाउंटना ‘म्यूट’ कर. अनफॉलो नको, अनफॉलो म्हणजे जाहीर भांडण. म्यूट केल्याचं समोरच्याला कळत नाही, आणि स्टोऱ्या समोर येणं थांबतं. हे तिचं तिने करायचं, तुम्ही फोन हिसकावून नाही. दोन-तीनदा नाही म्हणेल. म्हणू द्या.

दुसरं, पाच जणींचा ग्रुप म्हणजे पाच वैरिणी नसतात. त्यात एखादी असतेच, जिला हे पटलेलं नसतं पण बोलायची छाती होत नाही. ती कोण, हे तुमच्या मुलीला बरोबर माहीत असेल. तिला एकटीला घरी बोलवा, पण समेटाचं नाव काढू नका. काहीतरी काम काढा. सहामाही झाली म्हणजे दिवाळी तोंडावर आहे. बिल्डिंगमधल्या बारक्यांना किल्ला करायचा असेलच, तो या दोघींच्या गळ्यात घाला. कोपरापर्यंत माती लागली, की दोन तास फोनला हात लावता येत नाही, आणि तोंडाने काहीतरी बोलावंच लागतं. त्या मुलींच्या आयांना मात्र निदान आत्ता फोन करू नका. आईने मागून आणलेली मैत्री चौदाव्या वर्षी फार लाजिरवाणी वाटते.

आणि रात्री साडेदहानंतर सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही. तिच्या एकटीचा ठेवलात तर ती शिक्षा होते.

जेवण तुटलं, शाळेत जायला नको म्हणू लागली, ‘मी नसले तरी काय’ असं काही तोंडातून आलं, तर थांबू नका. 14416 हा मनाच्या त्रासासाठीच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि आईनेही करायला हरकत नाही.

प्रश्न : मुलगा 16 वर्षांचा, अकरावीला. त्याच्या फोनचा आठवड्याचा रिपोर्ट मी बघतो. सरासरी दिवसाला 4 तास 40 मिनिटं. मित्र आहेत म्हणतो, पण एकही घरी येत नाही. शास्त्रीयदृष्ट्या किती वेळ योग्य, हा एक आकडा कृपया सांगावा.
– एक वडील, पुणे

उत्तर : सर, तुम्ही आकड्यांतले दिसता, म्हणून दोन आकडे देते. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे जनतेला आरोग्याचा सल्ला देणारे सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी 2023 च्या मे महिन्यात सूचना काढली. तिच्यात म्हटलंय, की दिवसाला 3 तासांहून जास्त वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या मुलांत नैराश्य आणि चिंतेच्या तक्रारींचा धोका दुप्पट दिसतो. त्याआधी 2019 मध्ये ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांवर मुलांची माहिती चाळली. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर 0.4 टक्का स्क्रीनच्या वापराशी जुळतो, असं त्यांना आढळलं. नियमित बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला! दोन्हीकडची माणसं अभ्यासू. तेव्हा एक आकडा मागू नका. तुम्हाला हवा तो आकडा तुम्हाला कुठे ना कुठे सापडेलच.

मी वर्गात दुसरंच बघायचे. ते तास आले कुठून? झोपेतून आले असतील तर मुलगा पहिल्या तासाला पेंगतो. ग्राउंडवरून आले असतील तर पीटीच्या तासाला कळतं. आणि आधी रिकामेच असतील, तर फोनने कुणाचं काही हिरावलेलं नाही, मोकळी जागा होती तिथे तो येऊन बसला. 4 तास 40 मिनिटांतला एक तास तो मित्रांशी हेडफोन लावून गेम खेळत आरडाओरडा करत असेल, तर तो मी कट्ट्यात धरते. बाकीचे तीन तास उताणं पडून अंगठा वर सरकवत, कुणाशी एक शब्द न बोलता गेले असतील, तर त्यांची काळजी करा. रिपोर्टात हे दोन्ही एकाच रंगात दिसतात.

मित्र घरी येत नाहीत म्हणता. येऊन बसणार कुठे? मी पुण्यात भाचीकडे उतरते, तिथल्या सोसायटीच्या हिरवळीवर पाटी आहे : ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई’. पार्किंगमध्ये बोललं तर वॉचमन हटकतो. कॅफेत बसायचं तर कॉफीला दोनशे रुपये. कोपऱ्यावर उभं राहिलं तर आपणच म्हणतो, टवाळ पोरं. तुमच्या सोसायटीतही तशी पाटी असली, तर ती काढायचा ठराव पुढच्या मीटिंगमध्ये मांडून बघा. रिपोर्ट वाचण्यापेक्षा अवघड काम आहे, मला कल्पना आहे.

बाय द वे, तुमचा स्वतःचा आकडा पत्रात राहून गेला.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. मोहित्यांचे वडगावसारखा संध्याकाळचा भोंगा आमच्याही गावात सुरू करावा अशी महिलांची मागणी आहे. तरुण मुलं हसतात. फायदा होईल का? निदान मुलींचे फोन तरी बंद करावेत असं काहींचं म्हणणं पडलं.
– एक सदस्या, खानापूर तालुका

उत्तर : ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं हे गाव. 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि टीव्ही-मोबाइल बंद होतात, ते साडेआठपर्यंत. मुलांनी वाचायचं, लिहायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. कोरोनात शाळा फोनवर भरली आणि नंतर फोन काही मुलांच्या हातून सुटेना, तिथून हे सुरू झालं. सुरुवातीला लोक तिथेही हसले होते. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर फिरले.

भोंगा ऐकू येतो म्हणून हे चालतं असं मला वाटत नाही. चालतं ते एकाच वेळी सगळ्यांचा फोन बंद होतो म्हणून. इचलकरंजीच्या ताईंना मी फोन काढू नका म्हटलं आणि तुम्हाला हो म्हणतेय, त्याचं कारण हेच. एकटीचा फोन बंद झाला, की बाकीच्या काय बोलत असतील या विचारानेच तिचा दीड तास जातो. सगळ्यांचा बंद असला, की चुकण्यासारखं काही उरत नाही. लोडशेडिंगचे दिवस आठवा. सगळ्या गावाची वीज गेली की पोरं पाराशी जमायची आणि मजा यायची. आपल्या एकट्याच्या घरचा फ्यूज उडाला, की चिडचिड.

ऑस्ट्रेलियाने हेच देशपातळीवर केलंय. 10 डिसेंबर 2025 पासून तिथे 16 वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅटवर खातं ठेवता येत नाही. शिक्षा मुलांना किंवा पालकांना नाही. कंपनीने हयगय केली तर तिला 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. विचार मला पटतो. पण नुसत्या बंदीचं काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. 2020 च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं, आयांनी देवापुढे साखर ठेवली, आणि जुलै संपायच्या आत पोरं इन्स्टाग्रामच्या रील्सवर हजर. म्हणून दीड तास फोन बंद करणार असाल, तर त्या दीड तासात काय, ते आधी ठरवा. वाचनालयाची खोली उघडी ठेवा, शाळेच्या मैदानावर एक दिवा लावा, खो-खोचे खांब उभे करा. नाहीतर पोरं नुसती भोंग्याची वाट बघत बसतील, दुसऱ्या भोंग्याची.

आता ‘निदान मुलींचे’. ताई, इथे मी स्पष्ट बोलते. हा ठराव पंचायतीत आला, तर तुम्हीच उभं राहून तो पाडा. ‘प्रथम’ संस्था ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करते, तिच्या ‘असर’ अहवालात 2024 साली ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांत 36.2 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत 26.9 टक्क्यांकडे. मुलीला मिळतो तो घरचा फोन, तोही भाऊ आणि बाबांचं झाल्यावर. मुलगा संध्याकाळी गाडीला किक मारून चौकात जातो, त्याला मित्र भेटतात. मुलगी सातनंतर उंबऱ्याबाहेर पडत नाही. शेजारच्या वाडीतल्या मैत्रिणीशी बोलायला तिच्याकडे आईच्या फोनवरची वीस मिनिटं असतात. ती काढून घेतलीत, तर तिच्याकडे राहिलं काय? अभ्यासाचं निमित्त सांगू नका. त्याच अहवालात आहे, की आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी मुलं 57 टक्के, सोशल मीडियासाठी वापरणारी 76 टक्के, आणि त्यात मुलगे मुलींच्या मागे नाहीत.

सगळ्यांचा तर सगळ्यांचा. सरपंचांचाही.

प्रश्न : मी लातूरला नीटच्या तयारीसाठी आलोय. क्लासच्या होस्टेलवर स्मार्टफोन चालत नाही, बटणाचा फोन आहे. सुट्टीत गावी गेलो तर सगळे मित्र कुठलंतरी एक वाक्य म्हणायचे आणि पोट धरून हसायचे. रीलमधलं होतं म्हणे. मी पण उगाच हसलो. चार दिवसांत मी त्यांच्यात नाहीच असं वाटलं. परत येताना एसटीत रडू आलं.
– 17 वर्षांचा मुलगा

उत्तर : बाळा, उगाच हसलास तिथेच जरा गडबड झाली. पुढच्या वेळी सरळ विचार, ‘काय रे हे? मला दाखव’. दाखवायला त्यांना आवडेल. एकच रील सहा जणांनी एका फोनवर डोकी एकत्र करून बघणं ही त्यांच्यासाठीही मजाच असते, एरवी सगळे आपापल्या गादीवर पडून एकएकटेच बघतात. आणि ते वाक्य संक्रांतीपर्यंत शिळं होईल, लिहून ठेव.

तुझ्याकडे बटणाचा फोन आहे ना, मग रविवारी दुपारी एकाला लाव. ग्रुपला नाही, एकाला. पहिली पाच मिनिटं काय बोलावं ते दोघांनाही सुचणार नाही. ठेवू नकोस. म्हैस व्यायली का, क्रिकेटची टीम कुठे हरली, कुणाचं कुणाशी भांडण झालं, इथपर्यंत गाडी येते मग.

रडू आलं त्यात काही बिघडलं नाही. एसटीत खिडकीशी बसून बरेच जण रडतात, वाऱ्यामुळे कळत नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझी आई माझे फोटो न विचारता स्टेटसला आणि फेसबुकला टाकते. तेल लावलेल्या केसांचा पण टाकला, ‘माझं पिल्लू’ लिहून. आमच्या वर्गातल्या एकीची आई त्यात आहे. तिने तो बघितला आणि दुसऱ्या दिवशी सगळे मला पिल्लू म्हणायला लागले. आईला सांगितलं तर म्हणते, आईला पण हक्क नाही का? मी काय करू?
– पिल्लू नाही, चिपळूण

उत्तर : सही आवडली.

आईला सांग की बाई म्हणाल्या, हक्क आहे, पण विचारून. फोटो टाकायच्या आधी तुला दाखवायचा, तू नको म्हटलंस तर नाही टाकायचा, आणि जुने तू दाखवशील ते काढायचे. त्याबदल्यात आईला दर महिन्याला दोन फोटो टाकू दे, तू निवडलेले. तिलाही तिच्या मैत्रिणींना काहीतरी दाखवायचं असतं गं. तिचाही कट्टा आता तिथेच आहे, आणि तिथे सगळ्यांची पिल्लं केस विंचरून बसलेली असतात.

वर्गात पिल्लू म्हणतील त्यांना आठवडाभर ‘ओ’ देऊ नकोस. ओ दिली नाही की कंटाळतात. मी एकतीस वर्षं शिकवलं, मलाही एक टोपणनाव होतं. ते काय, ते इथे छापणार नाही.

आणि पुरावा म्हणून तो तेलाचा फोटो तू पाकिटातून पाठवलास, तो मी कुणाला दाखवला नाही, संपादकांनाही नाही. पाकिटावर तुझा पत्ता असता तर परत पाठवला असता. नव्हता, म्हणून फाडून टाकला.